अग्निशामकाचा फोन कुणाच्या भरवशावर?

२२ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीचे मोबाइल नेटवर्क देशभर बंद पडले. कुठे हल्ला झाला नव्हता, वादळ आले नव्हते, केबल तुटली नव्हती. रात्रीच्या नेहमीच्या देखभालीच्या वेळेत नेटवर्कमध्ये एक बदल करण्यात आला आणि त्यात एका उपकरणाची सेटिंग चुकली. बिघाड पुढे पसरू नये म्हणून यंत्रणा आपोआप बचावाच्या अवस्थेत गेली आणि तिने सगळ्या ग्राहकांचे फोन नेटवर्कवरून तोडले. सेवा पूर्ववत व्हायला बारा तासांहून अधिक वेळ गेला. १२.५ कोटी उपकरणांवर परिणाम झाला, ९.२ कोटींहून अधिक कॉल लागले नाहीत. आपल्याकडे जसा ११२ तसा तिकडे ९११ हा आणीबाणीचा क्रमांक. त्या क्रमांकावर लावलेले २५ हजारांहून अधिक कॉलही त्यात अडकले.

याच कंपनीच्या यंत्रणेवर ‘फर्स्टनेट’ नावाचे एक खास नेटवर्क चालते. ते पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकांसाठी आहे. तेही त्या पहाटे बंद पडले. कंपनीने ते सगळ्यांच्या आधी, पाचच्या सुमारास सुरू केले. पण ‘तुमची सेवा बंद आहे’ ही सूचना त्या दलांना गेली ५ वाजून ५३ मिनिटांनी, म्हणजे बिघाडानंतर सुमारे तीन तासांनी आणि सेवा परत आल्यावर.

हे सगळे तपशील आपल्याला माहीत आहेत, ते कंपनीने मोठ्या मनाने सांगितले म्हणून नव्हे. दूरसंचारावर नियंत्रण ठेवणाऱ्या एफसीसी या सरकारी आयोगाला चौकशीचा अधिकार होता आणि त्याने पाच महिन्यांत, जुलै २०२४ मध्ये, निष्कर्ष जाहीर केले. बदल करण्याआधी दुसऱ्या कुणी तो पुरेसा तपासला नव्हता. प्रयोगशाळेतली चाचणी अपुरी होती. बदल केल्यानंतरची चाचणी अपुरी होती. एक चूक सगळा देश बंद पाडू शकणार नाही, अशी आडकाठी यंत्रणेत नव्हती. हे सारे कोणालाही वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले आहे.

मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. आमच्या व्यवसायात सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी एक कागद लिहावा लागतो. काय घडले, किती वाजता, कुणाला कधी कळले, कुठली चाचणी झाली नाही आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करणार, हे त्यात असते. खरेदीचे ॲप बंद पडले तर हा कागद कंपनीच्या आत राहिला तरी चालतो. पण ज्या नेटवर्कवर अग्निशामकाचा जीव आणि जळत्या इमारतीतल्या माणसाचा जीव टांगलेला आहे, त्याचा कागद कंपनीच्या कपाटात राहून चालणार नाही. तो जनतेसमोर यायलाच हवा, आणि तो आणणारी अधिकृत यंत्रणा हवी. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे. वाटते तितके ते साधे नाही.

देखरेख आणि पाळत

आधी एक गैरसमज दूर करू. ‘सरकारचे नेटवर्कवर लक्ष’ हे शब्द ऐकले की आपल्या वस्त्यांतल्या तरुणांना फोन टॅपिंग आणि नेटबंदी आठवते. ते आठवणे साहजिक आहे. पण तिथे लक्ष नागरिकावर असते, त्याला पाळत म्हणतात. मी ज्या देखरेखीबद्दल बोलतो आहे तिच्यात लक्ष नेटवर्क चालवणाऱ्यावर असते: कंपनीवर, कंत्राटावर आणि खुद्द सरकारी खात्यावर. पाळत वाढली म्हणून ही देखरेख वाढते असे नाही. आपल्याकडे बऱ्याचदा उलटेच दिसते. नेटवर्क बंद करण्याचा अधिकार सरकारकडे चोख असतो, ते चालू आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारी मात्र कुणाची, हे शोधावे लागते.

फर्स्टनेट कसे जन्मले

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या दक्षिण मनोऱ्याने ९ वाजून ५९ मिनिटांनी दम तोडला. उत्तर मनोरा पडला १० वाजून २८ मिनिटांनी. मध्ये २९ मिनिटे होती. उत्तर मनोऱ्यात वर चढत असलेल्या अग्निशामकांना खाली येण्याचा आदेश दिला गेला, पण अनेकांपर्यंत तो पोहोचलाच नाही. हातातले रेडिओ उंच इमारतीत नीट चालत नव्हते आणि एकाच चॅनलवर गर्दी झाली होती. पोलिसांची हेलिकॉप्टरे वरून मनोरा पाहत होती, पण पोलीस आणि अग्निशमन दल एकमेकांच्या रेडिओवर बोलू शकत नव्हते. काहींनी आदेश ऐकला आणि तरी सहकाऱ्यांना किंवा जखमींना सोडून ते निघाले नाहीत, हेही खरे. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले.

चौकशी आयोगाचा अहवाल २००४ मध्ये आला. मदत दलांना एकमेकांशी बोलता आले पाहिजे आणि त्यासाठी त्यांना रेडिओ लहरींचा वेगळा वाटा दिला पाहिजे, असे त्यात होते. कायदा व्हायला २०१२ साल उजाडले. म्हणजे हल्ल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ. कायद्याने २० मेगाहर्ट्झ लहरी राखून ठेवल्या, लहरींच्या लिलावातून येणाऱ्या पैशातले ७ अब्ज डॉलर बाजूला काढले आणि हे काम पाहण्यासाठी वाणिज्य खात्यात एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले.

नेटवर्क सरकारने स्वतः बांधले नाही. मार्च २०१७ मध्ये एटी अँड टीला २५ वर्षांचे कंत्राट दिले गेले. सरकार कंपनीला ६.५ अब्ज डॉलर देणार, राखीव लहरी वापरू देणार आणि दलांना गरज नसेल तेव्हा कंपनी त्याच लहरी सामान्य ग्राहकांना विकू शकणार. बदल्यात कंपनी देशभर नेटवर्क उभारणार, वापराबद्दल २५ वर्षांत १८ अब्ज डॉलर भरणार आणि संकटकाळी दलांच्या संदेशांना वाट मोकळी करून देणार. रुग्णवाहिका आली की रिक्षा-गाड्या बाजूला होतात, तसे गर्दीच्या वेळी सामान्य ग्राहकाचा डेटा थांबतो आणि अग्निशामकाचा पुढे जातो. प्रत्येक राज्याला स्वतःचे नेटवर्क बांधण्याची मुभा होती, पण शेवटी सर्व ५० राज्यांनी फर्स्टनेटच स्वीकारले.

कागदावर हा सौदा शहाणपणाचा आहे. सरकारने शून्यातून टॉवर उभे केले असते तर खर्च कितीतरी वाढला असता. पण सौद्याच्या पोटातच एक प्रश्न आहे. कंपनीचा नफा सामान्य ग्राहकांकडून येतो आणि कर्तव्य मात्र अग्निशामकाशी आहे. दोन्हींत ओढाताण झाली तर कोण पाहणार?

ओढाताण झाली तेव्हा

२०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मेंडोसिनो भागात प्रचंड वणवा पेटला. सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाची समन्वयाची गाडी तिथे तैनात होती. गाड्या कुठे आहेत, माणसे कुठे पाठवायची, हे सगळे त्या गाडीतल्या इंटरनेटवर चालत होते. त्यांची सेवा व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीची होती. प्लॅनमधली डेटाची मर्यादा संपली आणि कंपनीच्या यंत्रणेने वेग सुमारे दोनशे पटींनी कमी केला. दलाने मर्यादा उठवायला सांगितले, तर जास्त पैशाचा प्लॅन घ्या, असे उत्तर मिळाले. नंतर कंपनीने ग्राहकसेवेत चूक झाल्याचे मान्य केले. हे उघडकीस आले ते दलाच्या प्रमुखांनी एका न्यायालयीन दाव्यात शपथेवर सांगितले म्हणून. सिनेमा बघणाऱ्या ग्राहकाला आणि वणवा विझवणाऱ्या दलाला यंत्र एकाच नियमाने मोजत होते. यंत्राचा त्यात दोष नाही. नियम लिहिणाऱ्याला कुणी विचारले नव्हते, हा दोष.

२५ डिसेंबर २०२० ला नॅशव्हिल शहरात एटी अँड टीच्या केंद्रासमोर एका वाहनात स्फोट घडवण्यात आला. इमारत उभी राहिली, पण आग आणि पाण्यामुळे वीज आणि पर्यायी वीज दोन्ही गेल्या, बॅटऱ्या संपल्या आणि आसपासच्या अनेक परगण्यांत ९११ बंद पडले. फर्स्टनेटलाही फटका बसला. ‘खास’ म्हणवणारे नेटवर्कही शेवटी त्याच इमारतीतून, त्याच तारांतून जात असेल तर ते कितपत खास, हा प्रश्न तिथे उभा राहिला. अभियंत्याच्या भाषेत, ज्या एका बिंदूवर सगळे टेकलेले असते तो बिंदू आधी शोधावा लागतो. संकट तो नंतर शोधतेच.

देखरेख करणाऱ्यांवर देखरेख

अमेरिकेत फर्स्टनेटवर एकाच कुणाची नजर नाही. प्राधिकरण कंपनीवर लक्ष ठेवते. वाणिज्य खात्याचे महानिरीक्षक प्राधिकरणावर लक्ष ठेवतात. संसदेसाठी लेखापरीक्षण करणारे जीएओ हे कार्यालय दोघांवर लक्ष ठेवते. एफसीसी बिघाडांची चौकशी करते. ही साखळी कुचकामी नाही, कारण तिचे निष्कर्ष बोचरे आहेत. कंपनीने भरलेल्या पैशातून जी कामे पुन्हा कंपनीलाच दिली गेली, त्यांतल्या पहिल्या दोन कामांवर प्राधिकरणाने पुरेशी देखरेख ठेवली नाही, असे महानिरीक्षकांनी म्हटले. त्या कामांची किंमत रास्त आहे हे ठरवण्यासाठी विश्वासार्ह अंदाजच नव्हता, असेही म्हटले.

त्याहून मोलाचे बोट जीएओने २०२२ मध्ये ठेवले. मूळ कायद्यानुसार प्राधिकरणाची मुदत १५ वर्षांची, म्हणजे २०२७ पर्यंत. कंपनीचे कंत्राट २०४२ पर्यंत. मग मधली १५ वर्षे कंपनीकडून काम करून घेणारा कोण? संसदेने वेळीच निर्णय घ्यावा, असे जीएओने स्पष्ट लिहिले. इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराचे काम चालू असताना सोसायटीच बरखास्त व्हावी, तसला हा प्रकार.

ब्रिटनची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. तिथले पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका ‘एअरवेव्ह’ नावाच्या जुन्या रेडिओ नेटवर्कवर चालतात. त्याच्या जागी मोबाइल तंत्रज्ञानावरचे नवे नेटवर्क आणायचे आणि २०१९ च्या शेवटी जुने बंद करायचे, असे ठरले होते. मोटोरोला या कंपनीला नव्या नेटवर्कचे एक महत्त्वाचे काम मिळाले आणि २०१६ मध्ये तिनेच जुने एअरवेव्हही विकत घेतले. नवे रखडत गेले. नवे जितके रखडेल तितके जुन्याचे भाडे चालू. जुन्या आणि नव्या दोन्ही दुकानांची मालकी एकाच हातात असेल तर नवे दुकान लवकर उघडण्याची घाई कुणाला असणार? अखेर ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली आणि ऑगस्ट २०२३ पासून एअरवेव्हच्या दरांवर मर्यादा घातली. वर्षाला सुमारे २० कोटी पौंड सरकारी तिजोरीतून जास्तीचे जात होते, असा त्याचा हिशेब होता. तो पैसा पोलिसांच्या, अग्निशमनाच्या अंदाजपत्रकातला होता. देखरेख ढिली पडली की फोन बंद पडतो असेच नाही. फोन चालू राहतो आणि खिसा कापला जातो.

आपल्याकडे काय?

३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. १५० हून अधिक माणसे गेली. गाव गाडले गेल्याचे बाहेरच्या जगाला कळले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्याला गावच दिसले नाही. इतक्या मोठ्या दुर्घटनेचा पहिला संदेश कुठल्याही यंत्रणेने दिला नव्हता.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, पलीकडे रत्नागिरीत मंडणगड, दापोली. या पट्ट्यात आपल्या वाचकांपैकी अनेकांची घरे आहेत. पत्रे उडाले, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले. वीज गेली म्हणून टॉवर गेले आणि टॉवर गेले म्हणून गावे मुकी झाली. अनेक गावांत कित्येक दिवस फोन लागत नव्हता. आखातात कामाला असलेल्या मुलांना घर शाबूत आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पण माझा प्रश्न वेगळा आहे. त्या दिवसांत तलाठी तहसीलदाराशी, तहसीलदार कलेक्टरशी आणि रुग्णवाहिका दवाखान्याशी कशी बोलत होती? कोणत्या तालुक्यात किती टॉवर बंद होते आणि ते कधी सुरू झाले? याचा तालुकावार तक्ता त्या दिवसांत रोजच्या रोज लोकांसमोर असता, तर निम्म्या अफवा आणि निम्मी घालमेल वाचली असती.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत मोठे वादळ आले की एफसीसी रोज परगणावार तक्ता जाहीर करते: किती टॉवर बंद, कशामुळे बंद. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर पोर्तो रिकोत ९५ टक्क्यांहून अधिक टॉवर बंद होते, हे जगाला त्याच तक्त्यातून कळले. बॅटरीचेही तसेच. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये वणव्याचा धोका असलेल्या भागांतल्या टॉवरना वीज गेली तरी ७२ तास चालण्याची सोय बंधनकारक केली. आपल्या किनाऱ्यावर चक्रीवादळाचा इशारा दोन-तीन दिवस आधी मिळतो. मग श्रीवर्धनच्या टॉवरची बॅटरी किती तास चालते, हा आकडा गुप्त असण्याचे कारण काय?

दूरसंचार नियामक ट्रायने ४ जून २०१८ ला शिफारशी दिल्या. त्याआधी फर्स्टनेट आणि ब्रिटनचा अनुभव त्याने अभ्यासला होता. देशभर एकसंध, ब्रॉडबँडवर चालणारे मदत दलांचे नेटवर्क असावे, त्यासाठी वेगळी संस्था काढावी आणि काही लहरी राखून ठेवाव्यात, असे त्यात होते. तेव्हापासून बरीच वर्षे गेली. आपली दले अजून वेगवेगळ्या वायरलेस संचांवर आणि तुमच्या-माझ्या खिशात आहेत तसल्याच सिमकार्डांवर चालतात. ११२ आला, १०८ च्या रुग्णवाहिका आल्या, मोबाइलवर मोठ्याने वाजणारे आपत्तीचे इशारे आले. हे सगळे चांगलेच आहे. पण खालचे नेटवर्क पडले तर हे सगळे एकदमच पडते.

एकाच कलमात दोन गोष्टी

२०२३ चा दूरसंचार कायदा वाचा, विशेषतः कलम २०. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी सरकार नेटवर्क तात्पुरते ताब्यात घेऊ शकते, आणि मदतकार्यासाठी अधिकृत केलेल्या लोकांच्या संदेशांना प्राधान्य देण्याची व्यवस्था करू शकते. म्हणजे अग्निशामकाला वाट मोकळी करून देण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. त्याच कलमाच्या पुढच्या भागात संदेश अडवण्याचा, ऐकण्याचा आणि सेवाच बंद करण्याचा अधिकार आहे.

यातला कुठला भाग जास्त वापरला जातो, हे आपण अनुभवाने सांगू शकतो. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये, कोल्हापुरात जून २०२३ मध्ये, त्याच वर्षी मराठा आंदोलनाच्या काळात जालना आणि बीडमध्ये इंटरनेट बंद केले गेले. ॲक्सेस नाऊ या संस्थेच्या नोंदींनुसार २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे जगात सर्वाधिक वेळा नेटबंदी भारतात झाली. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने विचारले तेव्हा केंद्राकडे अशा बंदीची एकत्रित नोंदच नसल्याचे समोर आले. अभियंता म्हणून मला यातले सर्वांत धक्कादायक वाक्य हेच वाटते. ज्याची नोंद नाही त्याचे परीक्षण कसे करणार?

दंगलीच्या दिवशी अफवा रोखायला नेट बंद करावे की नाही, यावर वाद होऊ शकतो. मी इथे त्या वादात पडत नाही. माझा मुद्दा मदतीचा आहे. आपल्याकडे संकटात पहिला पोहोचणारा बहुतेक वेळा गणवेशातला नसतो. तो शेजारी असतो, गल्लीतला पोरगा असतो, मंडळाचा किंवा जमातीचा कार्यकर्ता असतो. रक्त कुठे मिळेल, कुठल्या दवाखान्यात जागा आहे, कुठल्या रस्त्याने रुग्णवाहिका निघेल, हे सगळे तो मोबाइलच्या डेटावर करतो. नेट बंद झाले की अफवा पसरवणाऱ्याबरोबर हाही बंद होतो. तो ‘अधिकृत वापरकर्ता’ नसतो. म्हणून बंदीच्या आदेशात दवाखाने, रुग्णवाहिका आणि मदतकार्य यांचा विचार झाला का, हे लिखित दिसले पाहिजे.

अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील आणि बंदी बेमुदत असू शकत नाही. आदेश तपासायला समिती असते, पण राज्यात तिचे अध्यक्ष मुख्य सचिव आणि सदस्य इतर सचिव. सरकारचा आदेश सरकारचेच अधिकारी तपासतात. संसदेच्या त्या समितीने निवृत्त न्यायाधीश, लोकप्रतिनिधी अशा बाहेरच्या माणसांनाही घ्यावे, असे सुचवले होते. सॉफ्टवेअरमध्येही ज्याने कोड लिहिला त्यानेच तो तपासायचा नसतो. इथे तर प्रश्न लाखो लोकांचा आहे.

‘गुप्त ठेवावेच लागते’ हा युक्तिवाद

कुणी म्हणेल, नेटवर्कचे कच्चे दुवे उघड केले तर घातपात करणाऱ्यांचे फावेल. या म्हणण्यात तथ्य आहे. कुठली केबल कुठल्या नाल्याखालून जाते, हे कुणी मागत नाही. अमेरिकेतही कंपन्यांनी एफसीसीला दिलेले बिघाडाचे अहवाल गोपनीय असतात. तरीही राज्यांच्या आपत्ती यंत्रणांना २०२२ पासून ते थेट पाहता येतात आणि मोठ्या बिघाडाचे विश्लेषण लोकांसमोर येते. कुलूप कुठे आहे हे सांगू नका, पण कुलूप लागते की नाही हे तरी सांगा. गुप्ततेच्या नावाखाली निष्काळजीपणा झाकला जातो तेव्हा फायदा घातपात्याचा होतोच, शिवाय दर पावसाळ्यात नदीचा आणि डोंगराचाही होतो.

दुसरे कुणी म्हणेल, सगळे सरकारनेच चालवावे, कंपन्या नकोतच. मालकी कुणाची हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. सरकारी नेटवर्कही परीक्षणाशिवाय सडते. तपासणारा वेगळा आहे का, त्याला कागद मागण्याचा अधिकार आहे का आणि त्याचे निष्कर्ष लोकांना वाचता येतात का, हे तीन प्रश्न मालक कुणीही असला तरी विचारावे लागतात.

आपण काय करू शकतो

हे दिल्लीचे काम आहे म्हणून हात झटकू नका. काही दारे आत्ताच उघडी आहेत.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती आराखडा असावा लागतो. आपल्या जिल्ह्याचा मिळवा आणि त्यातले संदेशवहनाचे पान वाचा. मोबाइल बंद पडला तर दुसरा मार्ग कोणता? सॅटेलाइट फोन किती, कुणाकडे, चालू आहेत का? त्याची शेवटची रंगीत तालीम कधी झाली? आराखड्यात नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. राज्याच्या पोर्टलवर अर्ज घरबसल्या करता येतो.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार मोबाइल कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर व्याप्तीचे नकाशे द्यावे लागतात. एखाद्या जिल्ह्यातली सेवा चार तासांहून अधिक बंद राहिली तर ट्रायला चोवीस तासांत कळवावे लागते. आपल्या गावाचा, मोहल्ल्याचा नकाशा उघडा आणि प्रत्यक्ष फिरून पाहा. नकाशा हिरवा आणि फोन मुका असेल तर तारीख, वेळ, जागा लिहून पुराव्यानिशी तक्रार करा. आपल्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी हा दोन रविवारांचा प्रकल्प आहे. कुठल्याही मायक्रो प्रोजेक्टपेक्षा जास्त शिकवून जाईल.

आणि मागणी काय करायची? राज्याने दर मोठ्या आपत्तीनंतर, ठरलेल्या मुदतीत, संदेशवहन कुठे तुटले याचा अहवाल जाहीर करावा. धोक्याच्या तालुक्यांतल्या टॉवरना पर्यायी विजेचे किमान तास ठरवून द्यावेत. मदत दलांच्या नेटवर्कचे कुठलेही कंत्राट असेल तर ते तपासणारी संस्था कंत्राटाच्या शेवटच्या दिवसापर्यंत जिवंत असावी. नेटबंदीच्या प्रत्येक आदेशाची एकत्रित नोंद राहावी आणि त्यात मदतकार्याचा विचार लिहिलेला असावा.

या मागण्यांत धर्माचा, जातीचा, पक्षाचा संबंध नाही. म्हसळ्यातल्या मुस्लिम घराला आणि शेजारच्या हिंदू घराला टॉवर एकच आहे. पण ज्यांच्या गल्ल्या अरुंद, ज्यांचा दवाखाना लांब आणि ज्यांच्याकडे नेट आधी बंद होते, त्यांना हा प्रश्न इतरांच्या आधी कळतो. म्हणून तो इतरांच्या आधी विचारण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. पुढचा पावसाळा येईल तेव्हा त्या टॉवरची बॅटरी किती तास चालणार आहे, हे आपल्याला आधीच माहीत असले पाहिजे.